वालच्या शेजारची जागा

“नमस्कार, निवृत्ती. तू जेवलास का?”

माझी बायको हौसा मला असं म्हणाली तेव्हा मी दोरीच्या अलीकडे उभा होतो आणि ती पलीकडे. तिच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं, ओठ फुटले होते. तिच्या पायापाशी सहा कुत्री पेंढ्यावर अंग टाकून धापा टाकत होती. माणदेशातल्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. ही मला चारचौघांत नावानं हाक मारत होती, वर अरेतुरे करत होती.

“जेवलो,” मी म्हणालो. “तू कशी आहेस?”

“मी बरी आहे. धन्यवाद.”

हे सगळं नॉर्वेजियनमध्ये चाललं होतं. त्या भाषेत रोजच्या बोलण्यात ‘तुम्ही’ नाही. पाहुणा असो की नवरा, सगळ्यांना एकच माप. शर्यत सुरू झाल्यापासून आम्ही नवराबायको एकमेकांशी तीच भाषा बोलत होतो, शाळेतली पोरं धडा वाचतात तशी. हा हुकूम हौसाचाच होता.

निघालो त्या सकाळी मोटारीत ती म्हणाली होती, “आवं, एक आयका. तितं माझ्यासंगं मराठी बोलायची न्हाई.”

“का गं? तुझी नॉर्वेजियन ऐकून कुत्री पळून जातील.”

“जाऊंद्यात. पळायलाच निगाल्यात.” मग ती जरा थांबली. “ती पंच बाई हाय न्हवं, गुनहिल्ड, तिला मराठी कळत न्हाई. तुमी नुसतं ‘च्या पी’ म्हणालात तरी तिला वाटायचं, काय तरी शिकवतोय.”

“वाटू दे. मराठी बोलू नये असा काही नियम नाही.”

“म्हणूनशान तर. नियम असता तर त्यो तिनं पाळून घेतला असता. न्हाई म्हणून आपुन पाळायचा.”

शर्यतीचा नियम सोपा होता. कुत्री हाकणाऱ्याला बाहेरून मदत नाही. हाताची नाही, तोंडाचीही नाही. वाटेत मुक्काम असतात. तिथं कुत्र्यांना खायला घालायचं, त्यांचे पाय बघायचे, पेंढा पसरायचा, सगळं ज्याचं त्यानं. घरच्या माणसानं दोरीबाहेर उभं राहून बघायचं. ज्या कुत्र्याला पुढे जाणं जमणार नाही त्याला हाकणारा तिथंच सोडतो, आणि मग घरच्या माणसानं त्याला सांभाळायचं. हौसा आठ कुत्री घेऊन निघाली होती. दोन वयस्कर कुत्री तिनं आधीच्या मुक्कामांवर सोडली होती. ती माझ्या मोटारीत घोरत होती. उरली सहा. सहाच्या खाली गेलं की शर्यत संपली. आणि आता एकच टप्पा उरला होता, डोंगराचा.

मी वेल्डर. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, फिनमार्कात, मासेमारीच्या बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात मला काम मिळालं आणि म्हसवडकडचे आम्ही दोघं तिथं जाऊन पडलो. हौसाचं माहेर धनगराचं. मेंढरांमागं चालता चालताच ती मोठी झाली. फिनमार्कात हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. पहिल्या हिवाळ्यात ती खिडकीशी बसून असायची. एकदा टेकडीपलीकडून कुत्र्यांचं रडणं ऐकू आलं. सगळी मिळून गळा काढतात तसं. “कुणाची तरी उपाशी हायती,” म्हणाली, आणि शाल गुंडाळून चालत गेली.

उपाशी नव्हती. पोट भरल्यावर गातात ती तशी. तो इंगवाल्डचा तळ होता. बर्फावरून घसरत जाणारी स्लेज गाडी ओढणारी कुत्री तो पाळायचा. त्याचा बापही पाळायचा. उंच, हाडकुळा, तोंडातून शब्द काढायचा तर जणू त्याला भाडं पडायचं. त्यानं हौसाला ‘कोण, कुठली’ काही विचारलं नाही. तिच्या हातात बादली दिली. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, मग रोजच जायला लागली. गोठलेलं मांस कुऱ्हाडीनं फोडायला शिकली, पट्टे शिवायला शिकली. गाडीवर उभं राहायला शिकताना इतक्यांदा आपटली की मी म्हणालो, सोड हा नाद. ती म्हणाली, “मेंढरामागं चालत हुते तवा कुणी म्हणालं न्हाई, सोड नाद.”

इंगवाल्डच्या तळावर एका वेताच्या पिल्लांना एकाच जातीची नावं द्यायची पद्धत होती. एका वेताला वाऱ्यांची नावं, एकाला माशांची. एका वेताची सहा पिल्लं त्यानं हौसाच्या ओटीत टाकली आणि म्हणाला, तू वाढव, तूच नावं ठेव. त्या दिवशी तिनं गावाकडून आणलेलं कडधान्य भिजत घातलं होतं. म्हणून मटकी, चवळी, पावटा, हुलगा, वाल आणि मसूर. मटकी आणि चवळी या दोघी बहिणी पुढे धावायच्या. पावटा आणि हुलगा मधे. वाल आणि मसूर हे दोघे अंगानं थोराड, म्हणून गाडीच्या अगदी पुढ्यात. ओझ्याचा खरा झटका त्यांना बसतो. ही कुत्री जोडीनं चालतात, मधल्या दोराच्या अलीकडे एक, पलीकडे एक. वाल आणि मसूर पिल्लं होती तेव्हापासून कधी दुसऱ्याच्या शेजारी जुंपलेच गेले नाहीत.

मी कधी कधी रविवारी जायचो. सुटायच्या आधी ही कुत्री काय गोंधळ घालतात, सांगून खरं वाटायचं नाही. उड्या मारतात, किंचाळतात, दोर चावतात. वाटतं, आता माणसाला फाडतील. आणि गाडी सुटली की एकदम गप्प. नुसता पायांचा आवाज आणि धाप. हौसा मागं उभी. लहान चणीची बाई, डोक्याला कानटोपीवरून पदरासारखा रुमाल. “चल गं मटके,” एवढंच म्हणायची, तेही हळू. मी तिला चुलीपुढे पाहिली होती, शेतात पाहिली होती, विमानात रडताना पाहिली होती. अशी ताठ उभी राहिलेली मी तिला तिथंच पाहिली.

मग इंगवाल्डनं तळ मोडायचं ठरवलं. गुडघे गेले होते. समुद्रकाठच्या गावात बहिणीकडे राहायला जाणार होता. कुत्री विकायची. स्वीडनकडचा एक पर्यटनवाला मटकी आणि चवळी मागत होता, पुढे चालणारी म्हणून. बाकीची एक इकडे, एक तिकडे. हौसानं त्याला सरळ विचारलं, ही सहा मला दे.

इंगवाल्ड म्हणाला, “मागून कुत्री मिळत नाहीत. माझ्या बापानं मलाही तशी दिली नाहीत. लांबच्या शर्यतीला ने. सहा घरी आण. तुझी.”

“आणि पाचच आली तर?”

“तर तो स्वीडनवाला आहेच.”

तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावायला निघालो होतो. हौसानं मला अडवलं. तिला त्याचं बरोबर वाटत होतं.

तर आता त्या शेवटच्या मुक्कामावर सहा कुत्री पेंढ्यावर पडली होती, आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी हौसाला बहुतेक माहीत नव्हती. ती मुक्कामात शिरत असताना मी मसूरला बाजूनं पाहिलं होतं. गाडीवर मागं उभं असलेल्याला ते दिसत नाही. त्याचं मागचं डावं पाऊल आखूड पडत होतं. अगदी थोडं. पडतंय की मलाच वाटतंय, इतकं थोडं.

मी दोरीला धरून उभा राहिलो. इंगवाल्ड माझ्या शेजारी काठी टेकून होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं होतं. तो समोर बघत राहिला.

दोन शब्द पुरले असते. ‘मसूर, डावा.’ गुनहिल्ड पंधरा पावलांवर कॉफी पीत होती. तिला वाटलं असतं, नवरा बायकोला काही लाडाचं बोलला. आणि ते शब्द बोलून मी बायकोचंच स्वप्न मोडलं असतं. न बोलून कुत्र्याचा पाय गेला असता.

हौसा कामाला लागली. आधी सगळ्यांना गरम पेज ओतली. मग मटकीपासून सुरुवात करून एकेकाचे पायमोजे काढले, बोटांमधलं बर्फ फुंकून काढलं, पंजे चोळले. डुलक्या येत होत्या तिला. हुलग्याचा पाय हातात घेऊन ती बसल्या जागी झोपली, आणि हुलग्यानं तोंड चाटल्यावर जागी झाली. वाल झाला. मसूरपाशी आली. पुढचे दोन्ही पाय बघितले. मागचा उजवा बघितला. डाव्या पायावरून हात फिरवला, आणि हात मांडीशी येऊन थांबला. परत खाली नेला, परत वर आणला. मग तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचे डोळे चोळले, आणि गुडघ्यावर बसल्या बसल्याच डॉक्टरला हाक मारली.

माझ्या शेजारी इंगवाल्डनं श्वास सोडला.

जनावरांचा डॉक्टर आला, चाचपून बघितलं. “स्नायू ओढला गेलाय. विश्रांती दिली की बरा होईल. पण आता पळू शकणार नाही.”

“गाडीत बसू शकेल?”

“बसला तर. हा बसेल का?”

गाडीवर कापडी पिशवी असते सामानाची, कुत्रं मावेल एवढी. थकलेलं कुत्रं त्यात घालून नेता येतं, नियमात ते बसतं, सहाच्या मोजणीतही ते धरतात. पण कामाच्या कुत्र्याला ते आवडत नाही. नवरदेवाला वरातीत घोड्यावरून उतरवून टेम्पोत घातल्यासारखं होतं त्याला.

गुनहिल्ड जवळ आली. दणकट बाई, आवाज मऊ. “हौसा, पुढे चढ आहे. पाच कुत्री, आणि एकाचं ओझं. पुष्कळ लोक इथं थांबतात. त्यात कमीपणा नाही.”

“माहीत आहे.”

“तुझं वय किती?”

“तुझ्याएवढं,” हौसा म्हणाली. “तू थांबली असतीस?”

गुनहिल्डनं कॉफीचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मला विचारू नकोस. मी पंच आहे.”

तेव्हा हौसानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत ती कशाला काय म्हणते ते मला डोळ्यांत वाचता यायचं. मला म्हणायचं होतं, बास झालं हौसा, चल घरी, आपण दुसरी कुत्री बघू. तुझा गुडघा रात्री ठणकतो तेव्हा तेल मीच चोळतो. मी ते म्हणालो असतो तर तिनं ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. मी नॉर्वेजियनमध्ये म्हणालो, “हवामान चांगलं आहे.”

“हो,” ती म्हणाली. “हवामान चांगलं आहे.”

मसूरला तिनं पिशवीत घातलं, गळ्यापर्यंत कापड ओढून बांधलं. त्यानं असा गळा काढला की सगळा मुक्काम वळून बघायला लागला. सुटताना ती माझ्या बाजूनं गेली. “निघते मी,” म्हणाली. “तू मोटार हळू चालव.”

चढाच्या मध्यावर मोटाररस्ता आडवा जातो. तिथून वर पठारावर गोठलेलं तळं, तळ्याकाठी शर्यतीचा शेवट. इंगवाल्ड आणि मी रस्त्याच्या कडेला मोटार लावून थांबलो. एप्रिलचं ऊन होतं, डोळे दिपवणारं. एकेक जण चढून वर जात होता. कुणाची दहा कुत्री, कुणाची आठ. सगळे जाऊन संपले. रस्त्यावर गाड्या थांबवायला उभा असलेला माणूस घड्याळ बघायला लागला.

इंगवाल्ड दुर्बीण लावून बसला होता.

“दिसते?” मी विचारलं.

“नाही.”

थोड्या वेळानं म्हणालो, “खाली थांबली असेल.”

“नाही.”

“काय नाही? दिसत नाही, की थांबली नाही?”

“दोन्ही.”

मी मोटारीतून उतरलो, परत बसलो, परत उतरलो. इंगवाल्ड म्हणाला, “तू कुत्रा असतास तर मी तुला बांधून ठेवला असता.” एवढं लांब वाक्य त्याच्याकडून मी आधी ऐकलं नव्हतं.

मग तो पुटपुटला, “पाच.”

“आली?”

“पाच आणि एक.”

“एक काय?”

त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. आधी नुसता पांढरा उतार. मग एक काळी रेघ. पुढे मटकी आणि चवळी, मान खाली घालून. मागं पावटा, हुलगा. त्यांच्या मागं वाल. आणि मधल्या दोराच्या दुसऱ्या बाजूला, मसूरच्या जागेवर, हौसा.

तिनं कमरेला रुंद पट्टा आवळला होता. मसूर ज्या दोराला जुंपलेला असायचा तो पट्ट्यात अडकवला होता. अंग पुढे झोकून, हात गुडघ्यांवर दाबत, ती वालच्या खांद्याला खांदा लावून चालत होती. मागं गाडी, तिच्यात मसूरचं डोकं. पट्ट्यापासून गाडीच्या दांडीपर्यंत आणखी एक दोर होता. गाडी सोडून जाणारा हाकणारा शर्यतीतून बाद होतो. तिनं स्वतःला गाडीला बांधून घेतलं होतं.

इंगवाल्डनं हात पुढे केला तरी दुर्बीण माझ्यानं देववेना.

हळूहळू ती रस्त्यापर्यंत आली. उन्हानं रस्त्यावरचं बर्फ वितळलं होतं, नुसतं डांबर. गाडीच्या खालच्या घसरपट्ट्या डांबरावर करकरल्या आणि अडकल्या. मटकीनं ओढलं, वालनं ओढलं. हौसा गुडघ्यावर आली. माझ्यापासून हातभर अंतरावर. तिची धाप मला ऐकू येत होती.

तेवढ्यात थांबलेल्या एका मोटारीतून तरणा माणूस उतरला. चांगला भला माणूस. धावत आला आणि गाडी ढकलायला त्यानं हात पुढे केले.

“हात लावू नकोस!” मी ओरडलो. कारखान्यात वरून लोखंड पडताना ओरडतात तसा.

तो दचकून मागं सरला. “अरे, ती अडकलीय!”

“दिसतंय मला. हात लावू नकोस.”

“कोण आहे ती तुझी?”

“बायको.”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि तू उभा आहेस?”

“मी उभा आहे,” मी म्हणालो. काय सांगणार होतो? मी दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले होते. नाहीतर ते आपोआप गेले असते.

हौसा उठली. वालच्या कानाशी काही बोलली. मग पट्ट्याला हिसका देऊन पुढे झुकली. वाल झुकला, पुढच्या चौघांनी ताण घेतला, गाडी करकरत सरकली, आणि पलीकडच्या बर्फाला टेकल्याबरोबर सुटली. जाता जाता ती माझ्याकडे बघून म्हणाली, “नमस्कार, निवृत्ती.”

“नमस्कार, हौसा.”

“रस्त्यावर बर्फ कमी आहे.”

“हो. बर्फ कमी आहे.”

तो तरणा माणूस आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, या बाईला नवरा मिळाला तो असला.

ती ओढायला का लागली ते तिनं मला नंतर सांगितलं. चढ सुरू झाल्यावर आधी ती मागून गाडी ढकलत होती. ओझं काही इतकं नव्हतं, म्हणाली. पण वाल सारखा शेजारी बघायचा. दोन पावलं चालायचा, रिकाम्या जागेकडे बघायचा. पिशवीतून मसूर हाका मारायचा. शेवटी वाल बर्फात बसला. दमून नाही. त्याच्या पायात पुष्कळ बळ होतं. नुसता बसला, आणि उठेना. हौसानं गोंजारलं, रागावली, मांसाचा तुकडा दाखवला. मग तिला कळलं, त्याच्या शेजारी कुणीतरी हवंय. तिनं दोर स्वतःला अडकवला. वाल तिला हुंगून उठला. मसूरनंही तिला पुढे आपल्या जागी बघितलं आणि रडणं थांबवलं.

तेव्हा मी हसलो होतो. म्हणालो, कुत्र्याचं किती ऐकायचं. आता हौसा जाऊन दुसरा हिवाळा आहे. पहिल्या हिवाळ्यात कारखान्यातली मंडळी घरी येऊन मला म्हणायची, तब्येत तर चांगली आहे तुझी, उठत का नाहीस? मला त्यांना वालचं सांगायचं होतं. नॉर्वेजियनमध्ये जमलं नाही.

आम्ही मोटार घेऊन तळ्याकाठी पोचलो तेव्हा तिथं फारशी माणसं उरली नव्हती. पहिला आलेला केव्हाच जेवून झोपला असेल. पताका काढायला सुरुवात झाली होती. गुनहिल्ड मात्र उभी होती. सपाट तळ्यावरून ती रेघ हळूहळू मोठी होत आली. पाच कुत्री आणि एक बाई. जवळ आल्यावर दिसलं, हौसाचं एक पाऊल वाकडं पडत होतं.

शेवटच्या खुणेच्या आत गाडी आली आणि वाल, हौसा, सगळी एकदमच थांबली.

गुनहिल्डनं गाडीला प्रदक्षिणा घातली. पट्ट्यापासून दांडीपर्यंतचा दोर हातात घेऊन ओढून बघितला. “गाडी सोडलीस?”

हौसानं नकाराची मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

“कुणी हात लावला?”

परत नकार.

“रस्त्यावर कुणीतरी लावणार होता असं मला कळलं.”

“लावू दिला नाही,” इंगवाल्ड म्हणाला, आणि काठीनं माझ्याकडे खूण केली. “यानं.”

गुनहिल्डनं माझ्याकडे बघितलं. “ओढणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती,” ती म्हणाली. “पण ओढू नये असं कुठं म्हटलेलं नाही. शर्यत पुरी झाली, हौसा.”

पण हौसा तिच्याकडे बघतच नव्हती. तिला तिचा निकाल इंगवाल्डकडून हवा होता. पाच कुत्री आपल्या पायांनी आली होती आणि एक पिशवीत. त्याला ते ‘घरी आणलं’ म्हणून चालतं की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पट्टा तसाच बांधलेला, दोर तसाच ताणलेला, ती वालच्या शेजारी उभी राहिली.

इंगवाल्डनं काठी माझ्याकडे दिली. खिशातून चरबीचे तुकडे काढले आणि ओळीच्या पुढच्या टोकाला जाऊन गुडघ्यावर बसला. ते गुडघे वाकताना मोडल्यासारखे वाजले. मटकीचे चारही पायमोजे त्यानं काढले, एकेक पंजा तळहातावर घेऊन बघितला, तिला चरबीचा तुकडा दिला. “मटकी,” म्हणाला. मग चवळी. मग पावटा, हुलगा. प्रत्येकासाठी उठायचं, पुन्हा बसायचं. मी आधार द्यायला पुढे झालो तर त्यानं हातानंच मागं सारलं. वालपाशी आला. पाय बघितले, तुकडा दिला. शेजारी हौसा उभी होती. तिला वळसा घालून तो मागं गेला. पिशवीचं तोंड सोडलं, मसूरचा दुखरा पाय अलगद बाहेर घेतला, फुंकर घातली, तुकडा दिला.

“मसूर,” तो म्हणाला. “सहा. घरी आली. तुझी.”

हौसानं डोळे मिटले.

मला वाटलं, झालं. पण इंगवाल्ड परत वळला. वालच्या शेजारी आला, हौसाच्या समोर बर्फात गुडघे टेकले, आणि तिच्या वाकड्या पडणाऱ्या पायातल्या बुटाची नाडी सोडायला लागला.

हौसा एवढी भ्यायलेली मी कधी पाहिली नव्हती. डोंगराला भ्याली नाही, आणि आता पाय मागं ओढून, वालवर पडता पडता, तिनं मला हाक मारली. “आवं! आवं, सांगा की यांस्नी! बापाच्या वयाचं मानूस माजं पाय धरतंय! काय करू मी, आवं!”

शर्यत संपली होती. मी आता काहीही बोलू शकत होतो, मराठीत, मोठ्यानं, आणि तिला धरूही शकत होतो. मी पुढे झालो, मागून तिच्या काखेत हात घालून तिला सावरलं, आणि म्हणालो, “धरू दे गं. गप उभी राहा.”

इंगवाल्डनं बूट काढला. मोजा काढला. टाच सोलली होती, मोजा रक्तानं चिकटला होता. त्यानं तळवा हातावर घेऊन उन्हाकडे धरला, बोटांमधून अंगठा फिरवला, जसा बाकीच्यांच्या फिरवला होता तसाच. दुसरा पायही बघितला. घाई केली नाही. सगळं बघून झाल्यावर मान डोलावली आणि खिशातून चरबीचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

“हौसा,” तो म्हणाला. “सात.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या तुकड्याकडे. मग हातानं न घेता, वाकून, सरळ तोंडानंच तो उचलला आणि एका घासात गिळला. गुनहिल्ड मोठ्यानं हसली. वालनं हौसाचं तोंड हुंगलं. आणि ओळीतल्या बाकीच्या पाचजणांसारखीच माझी बायको, आणखी एक मिळतोय का म्हणून, त्या म्हाताऱ्याच्या खिशाकडे बघत राहिली.